उजवा रकाना कोरा ठेवू नका : आमच्या औषध कंपनीच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक आणि संचालक मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस

सादर नमस्कार.

संक्रांतीच्या आठवड्यात इंदूरजवळच्या पीथमपूरच्या आपल्या कारखान्यात एक पानी परिपत्रक लागले. त्यात तीन निर्णय होते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी होणारी कामगार-व्यवस्थापन बैठक कायमची बंद. शिफ्ट बदलताना जाणारी आणि येणारी माणसे पंधरा मिनिटे एकत्र असत, ती सोय रद्द. आणि यापुढे कोणतीही तक्रार किंवा सूचना केवळ मोबाइल अ‍ॅपवरून स्वीकारली जाईल. ज्यांचा या तिन्ही गोष्टींशी रोजचा संबंध येतो, त्यांच्यापैकी एकालाही निर्णयापूर्वी काही विचारले गेले नाही. परिपत्रकाखाली ‘आपले सहकार्य अपेक्षित आहे’ असे छापले होते. ते आम्ही देत आलो आहोत, आणि त्या जोरावरच आज चार गोष्टी स्पष्टपणे लिहीत आहे.

हे सगळे मी आधी रीतसर मार्गाने कळवले होते. मनुष्यबळ विभागाला पत्र दिले, प्रतीवर पोच घेतली, महिन्याने स्मरणपत्र दिले, त्याचीही पोच घेतली. दोन्ही पोचा माझ्याकडे आहेत; उत्तर एकाचेही नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहावे लागत आहे. कंपनीचे नाव मी लिहिलेले नाही, कारण ते ज्यांना कळायला हवे त्यांना पहिल्या चार ओळींतच कळले असेल, आणि इतरांनी ते शोधत बसण्यापेक्षा आपापल्या कारखान्यात, दवाखान्यात, बँकेत किंवा शाळेत काय चालले आहे ते पाहावे अशी माझी इच्छा आहे.

मी 2001 साली या कंपनीत पॅकिंग विभागात तपासनीस म्हणून लागले आणि आज त्याच विभागाची पर्यवेक्षक आहे. माझे वडील इंदूरच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या त्या काळात आमचे शिक्षण चालू होते. हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकीत देण्यांपोटी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश डिसेंबर 2023 मध्ये निघाला, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको; तोवर कित्येक हक्कदार जगात उरले नव्हते. अशा घरांतून आलेल्या आम्हां लोकांना कारखानदारीशी वैर नाही. कारखाना चालणे म्हणजे काय आणि बंद पडणे म्हणजे काय, हे आम्ही जेवणाच्या ताटात पाहिलेले आहे. दुसरे असे की, आपण बनवतो ती वस्तू औषध आहे. रक्तदाबाच्या ज्या गोळ्या माझ्या डोळ्यांखालून जातात त्याच माझ्या सासूबाई घेतात, आणि दवा बाजारातून आणलेल्या पट्टीवरचा बॅच क्रमांक मी अजूनही सवयीने वाचते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कंपनी पोलोग्राउंडच्या जुन्या शेडमध्ये होती तेव्हापासून फाटकाशी एक सूचनावही असे. लाल कापडी बांधणीची लांबट वही, प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डाव्या रकान्यात कोणीही, अगदी झाडणाऱ्या बाईनेसुद्धा, काय हवे-नको ते लिहायचे किंवा लिहवून घ्यायचे. उजव्या रकान्यात, व्यवस्थापकीय संचालक महोदय, आपल्या वडिलांनी स्वतःच्या हाताने, कधी मराठीत, कधी हिंदीत, उत्तर लिहायचे आणि तारीख घालायची. पीथमपूरला आल्यावरही ही वही बरीच वर्षे चालली आणि मी ती पाहिलेली आहे. ‘कँटीनच्या पाण्याच्या टाकीचे झाकण तुटले आहे’, उजवीकडे ‘बदलले’. ‘बोनस दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मिळावा’, उजवीकडे ‘यंदा शक्य नाही, मालाचे पैसे बाजारात अडकले आहेत, पुढील वर्षी पाहू’. त्या वर्षी बोनस आधी मिळाला नाही. कोणी घोषणा दिल्या नाहीत, कोणी काम थांबवले नाही. कारण आम्ही विचारले होते, मालकाने वाचले होते, आणि नकाराचे कारण आमच्यासमोर लिहिलेले होते.

मी ती वही परत मागत नाही. काळ बदलला आहे आणि अ‍ॅपला माझा विरोध नाही. अ‍ॅपमुळे तक्रारीची तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते, कागद गहाळ होत नाही, ही सोय चांगलीच आहे. परंतु या अ‍ॅपमध्ये उजवा रकाना नाही. तक्रार टाकली की ‘प्राप्त’ असे दिसते, मग ‘विचाराधीन’, आणि काही दिवसांनी ‘निकाली’. कोणी निकाली काढली, काय ठरले, का ठरले, यासाठी त्यात जागाच ठेवलेली नाही. कर्मचाऱ्यांचे बोलणे गोळा करणे आणि ते ऐकणे या दोहोंत उत्तराचा फरक असतो, आणि माझ्या सगळ्या तक्रारींचे मूळ तिथे आहे.

याचा परिणाम काय होतो ते फेब्रुवारीत आपल्या ब्लिस्टर मशीनवर दिसले. संचालकांपैकी जे तांत्रिक बाजूचे नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या मशीनवर प्लॅस्टिकची पट्टी तापवून साच्यात तिला खळगे पाडले जातात, खळग्यांत गोळ्या भरतात आणि वरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल उष्णतेने व दाबाने चिकटवली जाते. चिकटवणाऱ्या प्लेटवर बारीक जाळीची नक्षी असते. ती फॉइलवर उमटते आणि प्रत्येक खळग्याभोवती सील घट्ट बसते. सील कच्चे राहिले तर हवेतील ओल आत शिरते आणि गोळी खराब होते, बाहेरून ती कितीही शुभ्र दिसो. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर ठेकेदारामार्फत लागलेला आहे, पण त्या मशीनवर त्याचा हात कित्येक वर्षे बसलेला आहे. पट्टीच्या डाव्या कडेवरून अंगठा फिरवताना त्याला जाळी उथळ लागली. त्याने मला बोलावून दाखवले. मीही बोट फिरवले, तर फरक होता, पण इतका थोडा की डोळ्यांना दिसत नव्हता. सील तपासण्यासाठी आपण ठरावीक अंतराने काही पट्ट्या निळ्या पाण्यात बुडवतो आणि भांड्यातली हवा खेचून घेतो. खळग्यात निळे पाणी उतरले तर सील नापास. त्या संध्याकाळी सगळ्या पट्ट्या पास झाल्या. मशीन बराच वेळ सलग चालून तापले की मगच दोष उमटत होता, म्हणजे कागदावर लिहिण्यासारखे अजून काही घडले नव्हते. मी देखभाल विभागाला फोनवर कळवले. ‘लीक टेस्ट पास आहे ना, मग लाइन चालू ठेवा’ असे उत्तर मिळाले.

पूर्वी अशा वेळी काय होत असे? रात्रीच्या शिफ्टचा ऑपरेटर पंधरा मिनिटे आधी मशीनशी येऊन उभा राहायचा. जाणारा त्याला सांगायचा, डाव्या कडेवर लक्ष ठेव, वेग थोडा कमी कर, मशीन तापल्यावर एक जादा टेस्ट लाव, फिटरला एकदा बोलावून घे. यातले काही बॅच रेकॉर्डमध्ये लिहिले जात नाही, कारण ती शंका असते, नोंद नसते. आणि औषधाच्या कारखान्यात चांगल्या ऑपरेटरची शंका फार किमतीची असते. आता रात्रीच्या शिफ्टची बस 11 ला पाच मिनिटे असताना येते आणि दुसऱ्या शिफ्टची बस 11 वाजून पाच मिनिटांनी सुटते. कपडे बदलून हात धुऊन माणूस मशीनपाशी पोहोचेपर्यंत आधीचा माणूस बसमध्ये बसलेला असतो.

तरी तो ऑपरेटर त्या रात्री थांबला, रात्रीच्या माणसाला सगळे समजावून सांगितले, बस चुकवली आणि कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून राऊपर्यंत आला. तिसऱ्या दिवशी ठेकेदारामार्फत त्याला ताकीदपत्र मिळाले: शिफ्ट संपल्यानंतर विनापरवानगी आवारात थांबल्याबद्दल. त्यानंतर तो थांबला नाही, आणि त्याला ‘थांब’ असे सांगण्याचे धैर्य मलाही झाले नाही. ठेक्यावरच्या कामगारांना अ‍ॅपवर खाते नसल्यामुळे त्याच्या वतीने दुसऱ्या एका कायम कामगाराने तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी तिच्यासमोर ‘निकाली’ असे आले. त्यानंतरच्या रात्री खळग्यांत निळे पाणी उतरले.

माल बाजारात गेला नाही. आपली तपासणी व्यवस्था तेवढी मजबूत आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण सगळा लॉट क्वारंटाइनमध्ये गेला, पॅकिंगच्या बायका आठवडाभर माना मोडून एकेक पट्टी हाताने निवडत बसल्या, आणि डेव्हिएशनच्या, म्हणजे उत्पादनात काय चुकले त्याच्या, अहवालात मूळ कारण म्हणून काय लिहिले गेले? ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’. उपाय: ‘ऑपरेटरला पुनर्प्रशिक्षण द्यावे’. ज्या माणसाने दोष सर्वांत आधी बोटाने ओळखला, त्यालाच एका वर्गात बसवून दोष कसा ओळखावा हे शिकवण्यात आले. त्या अहवालावर मी माझी असहमती लिहून सही केली आहे. ती असहमतीही कोणी वाचल्याचे मला दिसलेले नाही.

आपल्या पॅकिंग हॉलच्या भिंतीवर कायझेनचे, म्हणजे कामात सतत थोडीथोडी सुधारणा करण्याच्या जपानी पद्धतीचे, मोठे फलक आहेत. ते ज्या टोयोटा कंपनीकडून जगभर गेले, तिच्या कारखान्यात लाइनजवळ एक दोरी असते. साध्या कामगाराला काही वेगळे जाणवले की तो ती ओढतो, त्याचा प्रमुख तिथल्या तिथे येऊन पाहतो, आणि अडचण वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते. दोरी ओढल्याबद्दल तिथे ताकीद मिळत नाही. आपण फलक आणले आणि दोरी तिकडेच ठेवली.

बैठक बंद करण्यामागे काही कारणे असतील, हे मला समजते. दोन-तीन ठरावीक माणसेच बोलत, विषय भरकटत, आणि एकदा तर कँटीनच्या पोह्यांत शेव कमी पडते यावर अर्धा तास गेला होता. (इंदूरात हा विषय क्षुल्लक मानता येत नाही, तरी अर्धा तास जास्तच झाला.) पण वाईट चालणाऱ्या बैठकीवर उपाय म्हणजे विषयपत्रिका, वेळेची मर्यादा आणि नीट अध्यक्ष. ती बंद करणे हा आपल्या सोयीचा निर्णय झाला. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त मे 2025 मध्ये आपण स्वागतकक्षात त्यांची तसबीर लावली, हार घातला, भाषणे झाली. त्या रोज उघड्या दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकत, हे माल्कमसारख्या ब्रिटिश अधिकाऱ्यानेही लिहून ठेवले आहे, आणि आपल्याकडच्या भाषणातही ते सांगितले गेले. त्याला वर्षही झाले नव्हते, तोच महिन्यातून एकदा होणारी आपली बैठक बंद पडली.

बाहेरच्या सल्लागार संस्थेकडून गेल्या वर्षी करून घेतलेल्या सर्वेक्षणाचा दाखला मला दिला जाईल, म्हणून त्याविषयीही लिहिते. सर्वेक्षण निनावी आहे असे सांगितले गेले आणि पहिल्याच चौकटीत कर्मचारी क्रमांक विचारला गेला. पुढे जे काही भरले गेले त्याला काय अर्थ उरतो? प्रश्न सगळे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतचे. शिफ्ट बदलाविषयी, बसविषयी, पुरुष फिटरला बोलावताना स्त्री-कामगारांना ऐकावे लागणाऱ्या शेऱ्यांविषयी त्यात एकही प्रश्न नव्हता, आणि मोकळे काही लिहायला जागा नव्हती. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1928 पासून 20,000 हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या होत्या. तिथेही आरंभी ठरलेलेच प्रश्न विचारले जात. माणसे मात्र पुन्हा पुन्हा भलत्याच विषयावर जातात असे दिसल्यावर मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्न बाजूला ठेवले आणि कामगाराला जे बोलायचे ते बोलू दिले. व्यवस्थापनशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात हे आहे, आणि आपल्या मनुष्यबळ विभागात त्या शास्त्राचे पदवीधर आहेत. जवळपास शंभर वर्षांनंतर आपण पुन्हा ठरलेल्या प्रश्नांवर येऊन बसलो. त्या सर्वेक्षणाचा निष्कर्षही आम्हाला ‘बहुसंख्य कर्मचारी समाधानी’ एवढ्या एकाच ओळीत कळला.

बसचे थोडक्यात. पूर्वी कंपनीची बस राऊहून राजेंद्र नगरच्या आतून लोकमान्य नगर आणि सुदामा नगरपर्यंत जायची. आता ती हमरस्त्यावरच सोडते. दुसऱ्या शिफ्टच्या बायका रात्री साडेअकराच्या सुमारास आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेला उतरतात आणि तिथून पुढे ज्याचे त्याने पाहायचे. हा मार्ग ज्याने कागदावर आखला त्याने त्या वेळी तिथे एकदा उतरून पाहिले असते, तर तो असा आखला नसता.

तक्रार निवारण समितीबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण तो केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे, तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, एकूण सदस्य दहापेक्षा जास्त नसावेत, अध्यक्षपद दोन्ही बाजूंकडे आळीपाळीने जावे, स्त्रियांचे प्रमाण एकूण कामगारांतील त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नसावे आणि तक्रारीचे कामकाज 30 दिवसांत पुरे व्हावे, असे ती सांगते. आपल्याकडे समिती आहे. तिच्या नावांचा कागद काचेच्या पेटीत लावलेला आहे. कामगारांचे प्रतिनिधी कोणी निवडले हे त्या प्रतिनिधींनाही ठाऊक नाही. त्यांतील एकाला स्वतःचे नाव तिथे वाचून कळले. पॅकिंगमध्ये बहुतेक स्त्रिया असूनही समितीत एकच स्त्री आहे, आणि ती लेखा विभागात बसते. समितीची एकही बैठक झाल्याचे आमच्यापैकी कोणाला आठवत नाही.

कामगारांचे न ऐकण्याचा विषय निघाला की मध्य प्रदेशात राहणाऱ्या कोणालाही भोपाळची वायुदुर्घटना आठवल्याशिवाय राहणार नाही. तुलना मोठी आहे हे मला कळते. आपल्याकडे मिथाइल आयसोसायनेट या तिथे गळलेल्या विषारी रसायनाच्या टाक्या नाहीत. तरीही त्या दुर्घटनेचा आधीचा भाग पुन्हा वाचण्यासारखा आहे. डिसेंबर 1981 मध्ये युनियन कार्बाइडच्या त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूमुळे एक कामगार मरण पावला. कामगार संघटनेने धोक्याविषयी पत्रके लावली. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने 1982 पासून सातत्याने लिहून सावध केले. पुढे काटकसरीत माणसे कमी झाली आणि टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा 1984 मध्ये बंद केली गेली. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री अकराच्या सुमारास कामगारांच्या डोळ्यांची आग होऊ लागली, त्यांनी वर कळवले, आणि चहापान झाल्यावर पाहू असे ठरले, हे त्या रात्रीच्या तपशीलवार वृत्तांतांत नोंदलेले आहे. त्या कारखान्यातील 337 टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, जानेवारी 2025 मध्ये, बंद कंटेनरांतून आपल्या पीथमपूरलाच आला, इथे आंदोलने झाली आणि इथल्याच भट्टीत तो जाळला गेला.

भोपाळनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगाराला धोक्याची पूर्वसूचना देण्याचा हक्क मिळाला. त्या तरतुदीचा दुसरा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कामगाराने सांगितलेले व्यवस्थापकाला पटले तर त्याने ताबडतोब उपाय करायचा. आणि पटले नाही तर ती बाब निरीक्षकाकडे पाठवायची. म्हणजे ‘मला पटले नाही’ एवढ्यावर गप्प बसण्याची मुभा कायद्याने व्यवस्थापकाला ठेवलेली नाही. सुरक्षिततेविषयीच्या 2020 च्या संहितेतही हे तत्त्व कायम आहे. प्राणघातक धोक्याच्या बाबतीत कायदा जे सक्तीने करवतो, तेच रोजच्या कामात स्वेच्छेने करावे, इतकेच मी म्हणते आहे.

ऐकण्याला वेळ लागतो, वेळेला पैसे पडतात, आणि औषधांच्या बाजारात भावाची स्पर्धा जीवघेणी आहे, हा आक्षेप मी नेहमी ऐकते आणि तो खोटा नाही. सुधारित शेड्यूल एमप्रमाणे, म्हणजे औषधे कशी बनवावीत याच्या सरकारी नियमांप्रमाणे, कारखाना तयार करण्यासाठी गेल्या दोन वर्षांत किती खर्च झाला हे मी जवळून पाहिले आहे. पण त्याच शेड्यूल एममध्ये गुणवत्ता व्यवस्था आणि जोखीम व्यवस्थापन यांवर भर दिलेला आहे, आणि जोखीम कोणाला आधी दिसते? ती मीटिंग रूममधल्या पडद्यावर येण्याआधी मशीनवरच्या माणसाच्या कानाला, नाकाला, बोटाला जाणवलेली असते. रोजच्या पंधरा मिनिटांचा पगार वाचवून आपण किती पैसे राखले आणि फेब्रुवारीतील एका लॉटच्या निवडीत, थांबलेल्या लाइनीत आणि उशिरा गेलेल्या मालात किती घालवले, याचा हिशेब लेखा विभागाकडून एकदा मागवावा. माझ्याकडे ते आकडे नाहीत, आपल्याकडे आहेत.

आणखी एक गोष्ट हिशेबात येत नाही. माणसे आता सांगेनाशी झाली आहेत. नव्याने लागलेली मुले-मुली चांगली शिकलेली आहेत, त्यांना प्रश्न पडतात. पण दोन-तीन वेळा ‘निकाली’ वाचल्यावर ती विचारणे सोडून देतात आणि वर्षा-दीड वर्षात दुसरीकडे निघून जातात. जाताना त्यांच्याकडून एक अर्ज भरून घेतला जातो, त्यात ‘वैयक्तिक कारण’ या चौकटीत खूण असते. जुनी माणसे जात नाहीत, ती गप्प बसतात. आपल्या अहवालांत तक्रारींची संख्या घटलेली दिसत असेल, तर कृपया त्याचा अर्थ समाधान वाढले असा लावू नये.

माझ्या मागण्या साध्या आहेत. शिफ्ट बदलतानाची पंधरा मिनिटे पगारी वेळ म्हणून पूर्ववत करावीत आणि बसच्या वेळा त्यांना जुळवून घ्याव्यात. प्रत्येक तक्रारीला पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, त्याखाली उत्तर देणाऱ्याचे नाव व हुद्दा असावा, आणि ते दिल्याशिवाय अ‍ॅपवर ‘निकाली’ ही खूण लागूच नये. उत्तर ‘नाही’ असेल तर कारण लिहावे. ठेक्यावरच्या कामगारांना त्याच अ‍ॅपवर स्वतःचे खाते मिळावे. मासिक बैठक पुन्हा सुरू करावी, पाऊण तासाची, आधी जाहीर केलेल्या विषयांवर, आणि तीन महिन्यांतून एकदा तिला एक तरी संचालक प्रत्यक्ष हजर असावा. तक्रार निवारण समितीतील कामगार प्रतिनिधी कामगारांनी निवडावेत आणि त्यांत पॅकिंगमधील स्त्रियांना त्यांच्या संख्येप्रमाणे जागा असावी. दुसऱ्या शिफ्टची बस पुन्हा वस्तीच्या आत जावी. ही मागणी पंधरा दिवस थांबण्यासारखी नाही. आणि यापुढे शिफ्ट, वाहतूक किंवा उत्पादनाचे लक्ष्य यांत बदल करण्याआधी तो प्रस्ताव म्हणून जाहीर करून लोकांचे म्हणणे मागवावे.

यांत पगारवाढ नाही, बढती नाही, गुंतवणूक कुठे करावी आणि माल कोणाला विकावा यात बोलण्याचा हक्कही मागितलेला नाही. निर्णय आपणच घ्यायचे आहेत. आमचे ऐकून घेतल्यावर निर्णय आमच्या म्हणण्याविरुद्ध गेला, तरी आम्ही तो राबवू; अशा कितीतरी निर्णयांची अंमलबजावणी आम्ही आजवर केलेली आहे.

वार्षिक हिशेबांच्या मंजुरीसाठी आपली बैठक लवकरच होईल. तिच्या विषयपत्रिकेत हे पत्र घ्यावे आणि प्रत्येक मागणीपुढे मंजूर की नामंजूर आणि का, एवढे लिहून कळवावे. एक बाब मात्र त्या बैठकीपर्यंतही थांबवू नये. ब्लिस्टर मशीनवरच्या त्या ऑपरेटरचे ताकीदपत्र मागे घ्यावे आणि अहवालातील ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ हे शब्द वगळून त्याने केव्हा व कोणाला कळवले होते ते तिथे नोंदवावे. त्याच्या ठेक्याचे नूतनीकरण एप्रिलअखेरीस आहे आणि ठेकेदार ती फाइल पाहूनच नावे पुढे पाठवतो.

आपली विश्वासू,
पॅकिंग विभागातील एक पर्यवेक्षक
राजेंद्र नगर, इंदूर